प्रकाशाचे यंत्र आणि त्याची मालकी



भौतिकशास्त्रातील एखाद्या नव्या यंत्राचा विषय कार्यकर्त्यांच्या सभेत निघाला की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया साहजिकच अशी असते, की हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, त्यात सामान्य माणसाने कशाला डोके घालावे? धरणे आली तेव्हा, यंत्रमाग आले तेव्हा, संगणक आला तेव्हाही हेच म्हटले गेले होते. तज्ज्ञांचा म्हणून सोडून दिलेला विषय काही वर्षांनी दर, भाडे, रोजगार आणि आरोग्य यांच्या रूपाने सामान्य माणसाच्याच दारात येऊन उभा राहतो, हा अनुभव जुना आहे. तोपर्यंत मूळ निर्णय होऊन गेलेले असतात आणि चळवळीच्या हाती फक्त निषेधाचे पत्रक उरते. लेसर आणि आयनद्रायू यांच्या साहाय्याने चालणारे कणत्वरक आणि त्यांतून मिळणारे प्रारणाचे आटोपशीर स्रोत हा विषय आज अशा टप्प्यावर आहे, की त्यासंबंधीचे बरेचसे मूळ निर्णय अद्याप व्हावयाचे आहेत. म्हणूनच त्याची चर्चा आज होणे अगत्याचे आहे.

प्रारण हा शब्द अवघड वाटला, तरी ज्याचा त्याच्याशी संबंध येत नाही असे घर विरळा. मोडलेल्या हाडाचे चित्र क्ष-किरणांनी निघते. कर्करोगाच्या गाठीवर प्रारणाचा मारा करतात. तेलवाहिनीच्या जोडावरील वेल्डिंग पक्के आहे की नाही हे इरिडियमपासून निघणाऱ्या गॅमा किरणांनी तपासतात. बंदरात उतरलेल्या मोठमोठ्या पेट्या न उघडता त्यांत काय आहे ते क्ष-किरणांनी पाहतात. औषधाचा रेणू रोगजंतूच्या प्रथिनाला नेमका कोठे चिकटतो, हेही तीव्र क्ष-किरणांच्या साहाय्यानेच उलगडते. ही सारी कामे आजवर तीन प्रकारच्या साधनांनी होत आली: रुग्णालयातील क्ष-किरण नळी, कोबाल्टसारखे किरणोत्सारी द्रव्य, आणि विद्युत्कणांना प्रचंड वेग देणारा त्वरक.

या इतिहासाच्या आरंभीची एक गोष्ट विसरता कामा नये. १८९५ साली जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर त्यांचा उपयोग करू लागले, कारण रॉन्टगेन यांनी ह्या शोधाचे पेटंट घेतले नाही. मारी आणि पिएर क्युरी यांनीही रेडियम वेगळे करण्याच्या आपल्या पद्धतीवर हक्क सांगितला नाही. ज्ञान सर्वांचे आहे ही भूमिका त्यांनी व्याख्यानात मांडली असती तरी ती स्तुत्यच ठरली असती. त्यांनी ती व्यवहारात आणली, आणि तिचा लाभ पुढच्या पिढ्यांतील कोट्यवधी रुग्णांना झाला.

यानंतर मोठ्या त्वरकांचे युग आले. विद्युत्कणाला वेग देण्यासाठी धातूच्या पोकळ कोठड्यांची रांग मांडतात आणि तीमध्ये विद्युत्क्षेत्र निर्माण करून कणाला पुढे पुढे रेटतात. पण धातूलाही सहनशक्तीची मर्यादा असते. क्षेत्र दर मीटरला सुमारे दहा कोटी व्होल्टच्या आसपास पोचले की धातूच्या पृष्ठभागावरून ठिणग्या उडू लागतात आणि कोठडी निकामी होते. प्रत्यक्षात बहुतेक यंत्रे याहून बऱ्याच खालच्या पातळीवर चालवावी लागतात. अधिक ऊर्जा हवी असेल तर यंत्र लांब करीत जाण्यावाचून गत्यंतर नसते. हॅम्बर्गजवळ २०१७ साली सुरू झालेला युरोपीय क्ष-किरण लेसर ३.४ किलोमीटर लांब आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ ह्या वलयाचा परीघ सुमारे १७२ मीटर आहे.

ह्या अवाढव्यपणाचा एक सामाजिक परिणाम झाला, आणि तो चांगला होता. एवढे यंत्र कोणा व्यापाऱ्याला विकत घेता येत नाही. ते राष्ट्राला, किंबहुना अनेक राष्ट्रांना मिळूनच उभारावे लागते. मग ते सार्वजनिक राहते. संशोधक अर्ज करतो, तज्ज्ञांची समिती प्रयोगाची गुणवत्ता पाहते आणि यंत्राचा वेळ वाटून दिला जातो. जॉर्डनमध्ये २०१७ साली सेसामी हे केंद्र सुरू झाले. युनेस्कोच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ह्या केंद्राच्या सभासदांत इराण आणि इस्रायल आहेत, पॅलेस्टाइन आणि पाकिस्तानही आहेत. ज्यांचे राजदूत एका खोलीत बसत नाहीत, त्यांचे शास्त्रज्ञ एकाच वलयाच्या प्रकाशात काम करतात. मोठ्या यंत्राने माणसांना एकत्र येणे भाग पाडले, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अशी केंद्रे जगात मोजकी आहेत. आफ्रिका खंडाच्या भूमीवर असे एकही प्रकाशकेंद्र नाही. भारताएवढ्या देशाचे काम इंदूरच्या दोन वलयांवर चालते. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील हुशार संशोधकाला महिनोन् महिने प्रतीक्षा करावी लागते. सार्वजनिक असूनही दूर असलेली वस्तू सर्वांची होत नाही. यंत्र लहान व्हावे, ही इच्छा ह्या अडचणीतूनच जन्मास आली.

तिला वैज्ञानिक रूप मिळाले ते १९७९ साली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी एक निबंध लिहून असे सुचविले, की कणांना वेग देण्यासाठी धातूऐवजी आयनद्रायूचा उपयोग करावा. वायू एवढा तापविला किंवा त्यावर एवढा तीव्र प्रकाश टाकला की त्यातील अणूंपासून विद्युत्कण सुटे होतात, म्हणजे जो द्रव्याचा प्रकार तयार होतो त्याला इतरत्र प्लाझ्मा म्हणतात. वाईच्या मराठी विश्वकोशाने त्याला आयनद्रायू म्हटले आहे. धातू ठिणगीने मोडतो. आयनद्रायू हा आधीच मोडलेल्या अणूंचा बनलेला असतो, त्याला आणखी काय मोडणार? म्हणून धातूला न सोसणारे क्षेत्र तो सहज सोसतो. त्यातील क्षेत्र दर मीटरला दहा हजार कोटी व्होल्टपर्यंत जाऊ शकते, म्हणजे धातूच्या मर्यादेच्या सुमारे हजारपट.

हे क्षेत्र निर्माण कसे होते? भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच पाणी कापीत निघाली की तिच्या मागे लाटा उठतात, आणि त्या लाटा लाँचच्याच वेगाने तिच्या पाठोपाठ धावतात. एखादी लहान होडी नेमक्या जागी त्या लाटेच्या उतारावर सापडली, तर वल्हे न मारताही ती पुढे ढकलली जाते. लेसरचा अतिशय आखूड स्पंद आयनद्रायूतून जातो तेव्हा असेच घडते. स्पंदाच्या दाबाने हलके विद्युत्कण बाजूला फेकले जातात, जड आयन जागच्या जागी राहतात. विद्युत्कण मागे ओढले जातात, पण वेगामुळे मूळ जागा ओलांडून पलीकडे जातात, पुन्हा परततात. अशी लाट स्पंदामागे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागते. तिच्या उतारावर सापडलेले विद्युत्कण काही सेंटिमीटरच्या अंतरात ती ऊर्जा मिळवितात, जिच्यासाठी धातूच्या यंत्राला शेकडो मीटर लागत.

कल्पना आली तेव्हा तिला पेलणारा लेसर मात्र नव्हता. प्रकाश फार तीव्र केला तर लेसरचा स्फटिकच फुटे. १९८५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी ह्या अडचणीवर उपाय काढला. स्पंद आधी लांबवावयाचा, म्हणजे तो सौम्य होतो. मग त्याची ऊर्जा वाढवावयाची. आणि शेवटी तो पुन्हा आखूड करावयाचा. २०१८ साली ह्या कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजचे असे स्पंद काही दशक फेम्टोसेकंदांचे असतात. एका सेकंदाचे एक हजार लाख कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. तीस फेम्टोसेकंदांच्या स्पंदाची लांबी माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी भरते.

ह्या क्षेत्राच्या उभारणीत एका मराठी माणसाचाही वाटा आहे. १९५३ साली वाई येथे जन्मलेले चंद्रशेखर जोशी हे १९८० पासून लॉस एंजेलिसच्या त्याच विद्यापीठात काम करू लागले. आयनद्रायूतील लाट कागदावरून प्रयोगशाळेत आणणाऱ्या अग्रणींत त्यांची गणना होते. २००६ साली त्यांना मॅक्सवेल पारितोषिक आणि २०२३ साली इतर दोघांसमवेत हानेस आल्फव्हेन पारितोषिक मिळाले. ज्या गावातून प्लाझ्माला मराठी नाव मिळाले, त्याच गावात ह्या शास्त्रज्ञाचा जन्म व्हावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

तरीही पंचवीस वर्षे हाती येणारा कणांचा झोत विस्कळीत असे. कोणत्या कणाला किती ऊर्जा मिळेल याचा नेम नसे. २००४ साली इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका येथील तीन गटांनी एकाच वेळी जाहीर केले, की त्यांना जवळजवळ सारख्या ऊर्जेच्या कणांचा झोत मिळाला आहे. अंतर होते काही मिलिमीटरांचे. २००६ साली बर्कली येथे ३.३ सेंटिमीटरमध्ये शंभर कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळाली. २०१४ साली तेथेच ९ सेंटिमीटरमध्ये चारशे वीस कोटी, आणि २०१९ साली २० सेंटिमीटरमध्ये सातशे ऐंशी कोटी. इंडस-२ मधील कणांची ऊर्जा अडीचशे कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ कळेल.

वेगवान विद्युत्कणांपासून प्रारण तीन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग असा, की लाटेच्या पोकळीतच कण डावी-उजवीकडे हेलकावे खातात आणि त्या हेलकाव्यांतून क्ष-किरण बाहेर पडतात. ह्या किरणांचा उगमबिंदू सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतका सूक्ष्म असतो. रुग्णालयातील नेहमीच्या नळीचा उगमबिंदू मिलिमीटरच्या आसपास असतो. उगमबिंदू जितका लहान तितके चित्र रेखीव. शिवाय नेहमीच्या क्ष-किरणचित्रात पुसट दिसणाऱ्या मऊ ऊतींच्या कडाही त्यात उमटतात. इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेच्या जेमिनी लेसरवर २०१५ साली अशा किरणांनी मानवी हाडाच्या आतल्या जाळीचे त्रिमिती चित्र काढले गेले, आणि २०१८ साली उंदराच्या गर्भाचे. दुसरा मार्ग, कणांच्या झोतावर समोरून दुसरा लेसर आदळवून हवे तसे क्ष-किरण किंवा गॅमा किरण मिळविण्याचा. जाड ओतीव धातूतील चिरा शोधण्यास ते उपयोगी पडतील. तिसरा आणि सर्वांत कठीण मार्ग मुक्त-विद्युत्कण लेसरचा. शांघाय येथील एका संस्थेने २०२१ साली एकोणपन्नास कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कणांपासून २७ नॅनोमीटर तरंगलांबीचा असा प्रकाश मिळविला. किलोमीटरभर लांबीच्या यंत्राचे काम एका प्रयोगशाळेच्या दालनात होऊ शकते, याचा तो पहिला खणखणीत पुरावा होता.

साथींनो, येथे थोडे थांबून जाहिरात आणि वस्तुस्थिती यांतील भेद केला पाहिजे. टेबलावर मावणारा त्वरक, असे शब्द हल्ली वारंवार कानी पडतात. ज्या नळीत कणांना वेग मिळतो ती खरोखर हाताच्या बोटाएवढी असते. पण तिला चालविणारा लेसर मोठे दालन व्यापतो, आणि भोवती जाड काँक्रीटच्या भिंती लागतात. ह्या लेसरला पुरविलेल्या विजेपैकी शेकडा एक भागही प्रकाशाच्या रूपाने पदरात पडत नाही. बर्कलीचा प्रचंड लेसर सेकंदाला एकच स्पंद देतो. कर्करोग रुग्णालयातील साधा रैखिक त्वरक सेकंदाला शेकडो स्पंद देतो. कणांची संख्या आणि ऊर्जा स्पंदागणिक कमीजास्त होते. हॅम्बर्ग येथे २०२० साली असा त्वरक सलग चोवीस तासांहून अधिक काळ चालला आणि त्याने सुमारे एक लाख वेळा झोत दिला, ही मोठी मजल मानली गेली. यावरूनच लक्षात यावे, की जिल्हा रुग्णालयात रोज साठ रुग्ण तपासणारे यंत्र होण्यास ह्या त्वरकाला अजून बराच पल्ला गाठावयाचा आहे. उद्या प्रत्येक तालुक्याला एक त्वरक मिळेल असे जो सांगेल, तो एक तर अजाण असेल किंवा विक्रेता.

असे असूनही ह्या मार्गाचे एक महत्त्व आहे, ज्याची चर्चा शास्त्रज्ञांच्या बैठकीत थोडी आणि कामगारांच्या बैठकीत मुळीच होत नाही. ते म्हणजे किरणोत्सारी द्रव्यापासून सुटका. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली बंद पडलेल्या एका खाजगी रुग्णालयातून सीझियमची कुपी भंगारात गेली. आतली निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कुतूहलाने घरी नेली. चार जणांचा मृत्यू झाला, दोनशे एकोणपन्नास जण दूषित झाले. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात २०१० साली तेच घडले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे पडून असलेले कोबाल्टचे उपकरण लिलावात निघाले, भंगारवाल्यांनी ते फोडले, आणि एका कामगाराला प्राण गमवावे लागले. दोन्ही ठिकाणी यंत्राचा लाभ घेणारे वेगळे होते आणि त्याची किंमत मोजणारे वेगळे. आयुष्यात ज्यांचा प्रयोगशाळेशी संबंध आला नाही, त्यांच्या हाती तिचे शेवटचे अवशेष आले.

लेसरने चालणाऱ्या स्रोताचे कळ बंद करताच प्रारण थांबते. भिंतींत आणि धातूच्या भागांत अल्पशी किरणोत्सारिता उरू शकते, तिची मोजदाद ठेवावीच लागते; पण वर्षानुवर्षे धगधगणारी कुपी त्यात नसते. वेल्डिंगची तपासणी करणारा कामगार आज इरिडियमची पेटी बरोबर वागवितो. त्याच्या जागी उद्या बंद करता येणारा स्रोत आला, तर तो त्या कामगाराच्या दृष्टीने खराखुरा बदल ठरेल. नेहमीच्या विद्युत त्वरकांतही हा गुण आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आणि येथे एक प्रतिप्रश्नही उभा राहतो. यंत्रे लहान झाली की त्यांची संख्या वाढणार. त्यांची तपासणी कोण करणार? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. २०१२ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात दाखवून दिले, की देशातील वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी सुमारे ९१ टक्के केंद्रांची ह्या मंडळाकडे नोंदच नव्हती. पुढे नोंदणीची पद्धत सुधारली. परंतु साध्या क्ष-किरण यंत्रांच्या बाबतीत जे घडले, ते अधिक शक्तिशाली यंत्रांच्या बाबतीत घडू द्यावयाचे नसेल, तर यंत्रे येण्यापूर्वी निरीक्षक आले पाहिजेत.

आता मालकीचा प्रश्न. मोठे यंत्र सार्वजनिक राहिले याचे कारण त्याचा आकार होता, कोणाची सद्बुद्धी नव्हे. आकार कमी झाला की ते कारण नाहीसे होते. जे शेजारच्या दालनात मावते ते विकता येते, आणि जे विकता येते त्यावर पेटंट, भाडे व देखभालीचा करार लादता येतो. अमेरिकेत लेसर-आयनद्रायू त्वरकांच्या व्यापारासाठी खाजगी कंपनी निघालीही आहे. ह्याची दिशा कोणती असू शकते, हे संगणकाच्या चकत्या बनविणाऱ्या उद्योगाकडे पाहिल्यास कळते. सर्वांत सूक्ष्म चकत्यांसाठी लागणारा १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश कथिलाच्या थेंबावर लेसर मारून निर्माण करतात, आणि तो वापरणारी यंत्रे विकणारी जगात एकच कंपनी आहे, नेदरलँड्समधील एएसएमएल. २०१९ मध्ये डच सरकारने अमेरिकेच्या दडपणाखाली ही यंत्रे चीनला पाठविण्याचा परवाना पुढे चालू ठेवला नाही. चीनच्या राजवटीविषयी कोणाचे काहीही मत असो. एक प्रकारचा प्रकाश कोणाला मिळावा आणि कोणाला मिळू नये, हे दोन-तीन राजधान्यांत ठरते, ही गोष्ट भारतासारख्या देशाने डोळ्यांआड करून चालणार नाही.

शिवाय ह्या शास्त्राचा पैसा कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. १९७९ च्या निबंधापासून आजपर्यंतचे बहुतेक काम विद्यापीठांत आणि सरकारी प्रयोगशाळांत, म्हणजे करदात्यांच्या पैशावर झाले. चार दशके धोका समाजाने पत्करला. फळ पिकण्याची वेळ आली की कुंपण घालावयास कोणी तरी येतो. रॉन्टगेन यांनी जे नाकारले ते आज नियम होऊन बसले आहे.

भारत ह्या बाबतीत अगदीच रिकाम्या हाताने उभा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतितीव्र लेसरांवर अनेक वर्षे काम चालू आहे. इंदूरच्या केंद्रात दीडशे टेरावॉटचा लेसर असून त्यावर आयनद्रायू त्वरणाचे प्रयोग झाले आहेत. हैदराबाद येथील टाटा संस्थेच्या शाखेतील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेले काम तर विशेष बोलके आहे. प्रचंड लेसर न वापरता, अवघ्या दोन मिलिज्यूलचे स्पंद सुमारे पंधरा मायक्रॉनच्या मिथेनॉलच्या थेंबांवर सेकंदाला हजार वेळा मारून त्यांनी दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पातळीचे विद्युत्कण मिळविले. एक पूर्वस्पंद थेंबाला खोलगट आकार देतो आणि मुख्य स्पंदाचे काम सोपे करतो. ही ऊर्जा बर्कलीच्या तुलनेने अल्प आहे. पण थोड्या साधनांत बुद्धीच्या बळावर काम साधण्याची जी रीत गरीब देशाला शोभते, तिचे हे उदाहरण आहे. दुबळी बाजू आहे ती लेसरच्या स्फटिकांची आणि प्रकाशाच्या जाळ्यांची. ती मोजक्या परदेशी कंपन्या बनवितात, आणि ज्याच्या हाती स्फटिक त्याच्या हाती यंत्र.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो चळवळीच्या आतूनच येतो. ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्र आहे पण ते चालविणारा तंत्रज्ञ नाही. तंत्रज्ञ आहे तर फिल्म नाही, दोन्ही आहेत तर वीज नाही. अशा देशाने लेसरच्या मागे पैसा घालणे ही चैन नव्हे काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तंत्रज्ञाच्या रिकाम्या जागा आधी भरा, ही मागणी पहिली आहे आणि पहिलीच राहिली पाहिजे. एका यंत्राच्या उद्घाटनाच्या छायाचित्राने दहा आरोग्य केंद्रांची दुरवस्था झाकण्याचा प्रयत्न झाला, तर तो उघडा पाडला पाहिजे.

परंतु आक्षेपातील दुसरे गृहीत चुकीचे आहे. संशोधनावरील पैसा वाचला म्हणून तो आरोग्य केंद्राकडे वळतो, असे अनुभवास येत नाही. जे यंत्र देशात कोणाला समजतही नाही, ते पुढे विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीला घ्यावे लागते आणि बिघडले की त्याच्याच माणसाची वाट पाहावी लागते. कर्करोगावरील परदेशी यंत्रे न परवडणारी होती, म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्टचे उपचारयंत्र घडविले. ते देशातील रुग्णालयांत बसले आणि व्हिएतनामलाही दिले गेले. मुंबईच्या समीर ह्या सरकारी संस्थेने उपचारासाठी लागणारा रैखिक त्वरक देशात तयार केला. त्या कामाला आणखी पाठबळ मिळाले असते तर आज अधिक जिल्ह्यांत उपचार मिळाले असते. हे शक्य झाले ते आधीच्या पिढीने त्वरकांचे मूलभूत शास्त्र येथे रुजविले होते म्हणून. बियाणे जपून ठेवण्यास खर्च येतो; ते न जपणाऱ्याला पेरणीच्या वेळी सावकाराकडे जावे लागते.

मग ह्या विषयात कार्यकर्त्याने करावयाचे काय? चार गोष्टींचा आग्रह धरता येईल. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या शोधांचे हक्क सार्वजनिक राहिले पाहिजेत, आणि ते कोणा कंपनीला द्यावयाचे असतील तर अटी संसदेपुढे आल्या पाहिजेत. पहिले आटोपशीर स्रोत देशात आले की ते एकेका श्रीमंत संस्थेच्या कुलपात न राहता विद्यापीठांच्या सामाईक केंद्रांत असावेत, आणि इंदूरप्रमाणेच अर्ज व गुणवत्ता यांवर त्यांचा वेळ मिळावा. नागपूर, औरंगाबाद किंवा कोल्हापूर येथील विद्यार्थ्याला मुंबईतल्या विद्यार्थ्याइतकाच. लेसर, स्फटिक आणि प्रकाशजाळ्या देशात बनविण्यासाठी दीर्घ मुदतीचा कार्यक्रम असावा, आणि त्यात कारागिरांच्या व तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाला शास्त्रज्ञांच्या वेतनाइतकेच महत्त्व मिळावे. आणि नियामक मंडळाला माणसे, अधिकार व स्वायत्तता द्यावी. यंत्राच्या खोलीत काम करणाऱ्या शेवटच्या मदतनिसाच्या छातीवरही मात्रा मोजणारा बिल्ला असला पाहिजे आणि त्यावरील आकडा त्याला वाचता आला पाहिजे.

ह्यांपैकी एकही मागणी भौतिकशास्त्राची पदवी असल्याशिवाय करता येत नाही, असे नाही. आयनद्रायूतील लाट कशी उठते हे शास्त्रज्ञांनी शोधले आणि ते काम त्यांनी उत्तम केले. त्या लाटेवर कोणाची होडी पुढे जावी, हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. येत्या अर्थसंकल्पाच्या चर्चेत, विद्यापीठांच्या अधिसभांत आणि रुग्णालयांच्या कर्मचारी संघटनांत तो विचारला जावा, एवढीच ह्या सभेकडून अपेक्षा आहे.